शेवटच्या रांगेसाठी काढलेलं चित्र: नाटकाचा पडदा कसा रंगवतात?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानाला लागून बांधलेलं हे पॅलेस थिएटर. तिथे नाटक बघितलं नाही असं घर जुन्या कोल्हापुरात शोधावं लागेल. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं ठरलं तसं खुर्च्यांवर, वातानुकूलनावर, आवाजावर, पार्किंगवर भरपूर बोलणं झालं. रंगमंचावरच्या दृश्यांचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य ऐकू येतं: “एलईडी स्क्रीन लावली की झालं. आता पडदे रंगवतंय कोण?”

असं विचारणाऱ्यांचा बहुतेक वेळा समज असतो की पडदा म्हणजे मोठ्या कापडावर काढलेलं मोठं चित्र. चित्र आता छापता येतं, स्क्रीनवर दाखवता येतं, मग हाताने कशाला काढायचं? समजच चुकीचा असल्याने पुढचा प्रश्नही चुकतो. पडदा रंगवणं हे अंतर, उजेड आणि समोर उभा राहणारा नट या तिघांचं गणित आहे. ते गणित इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आधी चार शब्द

रंगमंचावरच्या दृश्यरचनेला नेपथ्य म्हणतात. त्यातला रंगवलेला भाग मुख्यतः चार ठिकाणी असतो. सगळ्यात मागे पूर्ण रुंदीचा पडदा. दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या केलेल्या अरुंद पट्ट्या, त्या विंगा. वरून आडवी लोंबणारी झालर, जी छताकडचे दिवे आणि दोऱ्या झाकते. आणि लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, ज्याला फ्लॅट म्हणतात. फ्लॅट जोडून खोलीच्या तीन भिंती उभ्या केल्या की झाला बॉक्स सेट.

जवळून बघितलं तर काहीच कळत नाही

चांगल्या पडद्यासमोर हातभर अंतरावर उभं राहिलात तर निराशा होईल. फटकारे दिसतील, शिंतोडे दिसतील, पान म्हणून नुसता हिरव्या रंगाचा डाग दिसेल. पंधरा पावलं मागे गेलात की त्याच डागांचं झाड होतं.

याचं कारण डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढं अंतर वेगळं ओळखता येतं. २० मीटर लांब बसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत याचा हिशोब सुमारे ६ मिलिमीटर येतो. पडद्यावरच्या दोन रेषा त्याहून जवळ असतील तर त्याला त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. म्हणून पानाच्या शिरा काढणं, विटांमधली नाजूक फट दाखवणं ही मेहनत वाया जाते. वाया गेली तरी परवडलं, पण बारीक तपशिलाने भरलेला पडदा लांबून गढूळ दिसतो, कारण सगळे रंग मिसळून एकच करडा रंग उरतो.

पेंटर याच गोष्टीचा उलटा फायदा घेतो. आकाश सपाट निळं न रंगवता त्यावर जांभळट, हिरवट, फिकट गुलाबी रंगाचे बारीक शिंतोडे उडवतो. लांबून ते दिसत नाहीत, पण आकाशाला खोली येते. शिवाय दिवे पिवळे केले की उबदार ठिपके पुढे येतात आणि निळे केले की थंड ठिपके. एकाच पडद्यावर संध्याकाळ आणि रात्र दोन्ही मिळतात. रंकाळ्याच्या काठावरची संध्याकाळ एका अंकात आणि त्याच काठावरची रात्र दुसऱ्या अंकात हवी असेल तर दोन पडदे लागत नाहीत.

एक खांब रंगवून बघू

महालाचा एक गोल खांब घ्या. खरा खांब नाही, सपाट कापड आहे. पहिलं ठरवायचं ते उजेड कुठून येतो. समजा डावीकडच्या खिडकीतून. मग संपूर्ण खांबावर मधला रंग भरून घ्यायचा, फार गडद नाही, फार फिका नाही. तो ओला असतानाच उजव्या बाजूला गडद छटा ओढायची आणि कड विरघळू द्यायची. डावीकडे, अगदी कडेला नाही तर कडेपासून थोडं आत, फिकट पट्टा. आता नवशिका इथेच थांबतो आणि त्याचा खांब अर्धाच गोल दिसतो.

राहिलेली गोष्ट म्हणजे उजव्या कडेला, सावलीच्याही पलीकडे, एक पुसट उजळ पट्टी. भिंतीवर पडलेला उजेड परत खांबाच्या मागच्या अंगावर येतो, ती ही पट्टी. ती ओढली की खांब कापडापासून सुटतो. शेवटी खांबाची सावली मागच्या भिंतीवर टाकायची, आणि ती सावली काळ्या रंगात कधीच करायची नाही. भिंतीचाच रंग गडद करून, त्यात थोडा निळा घालून करायची. काळी सावली दिव्यात भोकासारखी दिसते.

असे आठ खांब, त्यांमधल्या कमानी, वरचं छत, खालची फरशी, आणि हे सगळं तीस फूट रुंद आणि अठरा फूट उंच कापडावर. आधी हातभर कागदावर प्रमाणात रेखाटन करतात, त्यावर चौकोन पाडतात. तेवढेच चौकोन कापडावर मोठे पाडून एकेका चौकोनातलं चित्र उतरवतात. लांब सरळ रेषेसाठी गवंडी-सुतार करतात तेच: रंगात किंवा खडूत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची. कापड जमिनीवर पसरलेलं असेल तर लांब दांड्याचे कुंचले घेऊन उभ्यानेच रंगवतात. उभ्या चौकटीवर ताणलेलं असेल तर शिडी लागते, पण मागे जाऊन बघता येतं. जमिनीवर काम करणाऱ्याला बघण्यासाठी उंचावर चढावं लागतं.

सरस: या कामाचा खरा मालक

पडद्याचा जुना रंग तेलाचा नसतो. तेलरंग चमकतो, वाळायला वेळ घेतो, आणि गुंडाळलेल्या कापडाला भेगा पाडतो. पडद्याला लागतो मातीसारखा कोरडा दिसणारा रंग, ज्यावर दिव्याची चकाकी उठणार नाही. तो मिळायचा सरसातून.

सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला डिंक. त्याच्या वड्या किंवा खडे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते फुगून लिबलिबीत झाले की भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून वितळवायचं. थेट आचेवर सरस करपतो आणि त्याची पकड जाते. या पातळ सरसात खडूची पूड कालवून आधी कोऱ्या मांजरपाटावर अस्तर द्यायचं, म्हणजे कापड रंग पिऊन टाकत नाही. मग गेरू, पेवडी, हिरमजी, नीळ, काजळी असे कोरडे रंग पाण्यात घोटून, सरस घालून, कोमट असतानाच लावायचे. थंडीत सरस भांड्यातच गोठतो. उन्हाळ्यात दोन दिवसांत नासतो आणि त्याचा वास सहन होत नाही. म्हणून त्यात तुरटी टाकायची पद्धत होती.

प्रमाण हाच सगळा अनुभव. सरस जास्त झाला तर पडदा पत्र्यासारखा कडक होतो, गुंडाळताना पोपडे सुटतात. कमी झाला तर नटाच्या शालूला हिरमजी लागते. त्यातून आणखी एक अडचण: हे रंग ओले असताना गडद दिसतात आणि वाळले की कितीतरी फिके पडतात. म्हणजे पेंटर जे लावतो ते त्याला दिसत नसतं. कापडाच्या तुकड्यावर एक फटकारा मारून तो शेगडीपाशी वाळवून बघायचा आणि मग मोठ्या कामाला हात घालायचा.

आज बहुतेक ठिकाणी पाण्यात मिसळणारे तयार इमल्शन वापरतात. सोय मोठी आहे, वास नाही, नासत नाही. फक्त डबा घेताना बिनचमकीचा घ्यायला हवा आणि थर पातळ द्यायला हवा. हे दोन्ही विसरले की पडदा रेनकोटसारखा दिसतो.

लांबी दाखवायची, पण कुणाच्या डोळ्याला?

सपाट कापडावर लांबच लांब रस्ता दाखवायचा तर रस्त्याच्या दोन्ही कडा एका बिंदूकडे जात निमुळत्या कराव्या लागतात. या बिंदूला लोपबिंदू म्हणू. तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असला तरच रस्ता खरा वाटतो. आता नाट्यगृहात बघणारे शेकडो. बाल्कनीतला वरून बघतो, पहिल्या रांगेतला खालून, कडेचा तिरका. चित्र कुणासाठी बरोबर काढायचं?

युरोपातल्या दरबारी नाट्यगृहांत उत्तर सोपं होतं: राजाच्या आसनासाठी. बाकीच्यांना थोडं वाकडं दिसलं तरी चालायचं. पुढे इटलीतल्या फेर्दिनांदो बिबिएना यांनी १७११ मध्ये छापलेल्या ग्रंथात कोनातून बघितलेल्या दृश्याची रीत मांडली. त्यात समोर एकच लोपबिंदू ठेवण्याऐवजी इमारत तिरकी उभी करतात आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंना बाहेर पळतात. कुठल्याही खुर्चीवरून हे दृश्य पूर्ण बरोबर नसतं, पण कुठूनही फार चुकीचं दिसत नाही. लोकांच्या नाट्यगृहाला हीच रीत शोभते असं मला वाटतं.

दुसरी अडचण नटाची. इटलीतल्या विचेंझा गावात १५८५ साली सुरू झालेलं ऑलिम्पिक थिएटर अजून उभं आहे. त्याच्या रंगमंचामागे लाकडात बांधलेले रस्ते आहेत, मागे मागे लहान होत गेलेले. बघायला मैलभर लांब वाटतात. पण नट त्या रस्त्यावर आत चालत गेला की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला त्याचं डोकं लागेल. रंगवलेल्या पडद्याचंही तसंच. मागे काढलेलं मंदिर लांबचं म्हणून दोन फुटी असतं. सुभद्रा त्याच्या शेजारी उभी राहिली की मंदिर खेळण्यातलं होतं. म्हणून लांबच्या दृश्याचा पडदा असेल तर नटांनी पुढच्या भागातच वावरायचं हे दिग्दर्शकाला पेंटर सांगतो, आणि शहाणा दिग्दर्शक ते ऐकतो.

उजेड पडद्याला बदलतो

पेंटर दिवसा, सूर्यप्रकाशात काम करतो. नाटक रात्री, दिव्यात होतं. तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांचा उजेड पिवळा असे. त्यात निळा रंग मळतो आणि फिकट पिवळा चक्क पांढरा दिसतो. त्यामुळे जाणता पेंटर रंग ठरवताना खोली बंद करून दिवा लावून बघायचा. आजच्या एलईडी दिव्यांत प्रश्न वेगळ्या रूपात तसाच आहे. लाल, हिरवा, निळा असे तीनच उजेड मिसळून केलेल्या पांढऱ्या प्रकाशात मधले काही रंग नसतातच. गेरू किंवा पेवडीसारखे मातकट रंग अशा उजेडात मेलेले दिसतात. दोष रंगाला देऊ नये. दिव्यांची मांडणी करणारा आणि पेंटर एकदा एकत्र बसले तर हे सुटतं.

उजेडाचा सगळ्यात सुंदर उपयोग जाळीच्या पडद्यात होतो. विरळ विणीच्या कापडावर पातळ रंगाने किल्ल्याची भिंत काढतात. पुढून उजेड टाकला तर भिंत घट्ट दिसते. पुढचा उजेड कमी करून मागचा वाढवला की भिंत विरते आणि तिच्यापलीकडे बसलेली राणी दिसू लागते. यात जादू नाही. घराच्या खिडकीला डासांची जाळी असते. दिवसा रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही, आणि रात्री आत दिवा लागला की सगळी खोली दिसते. नियम तोच. फक्त नाटकात दिवे कधी बदलायचे ते आपल्या हातात असतं.

कोल्हापूरला हे का कळायला हवं

केशवराव भोसले आणि बाबूराव पेंटर, दोघेही १८९० सालचे आणि दोघेही कोल्हापूरचे. केशवरावांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले. १९१० नंतरच्या काही वर्षांत संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवलं, इतकं की पेंटर हेच आडनाव झालं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचं दोघांचं स्वप्न बाबूरावांनी पुरं केलं आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. मराठी सिनेमाचं घराणं सांगायचं तर त्याचं मूळ पडदे रंगवणाऱ्यांच्या कारखान्यात जातं.

सिनेमात आल्यावर रंगवलेले पडदे बाजूला ठेवून भरीव, खोली असलेले सेट उभे करण्यात बाबूरावच पुढे होते. पडद्याची ताकद ज्याला सगळ्यात जास्त माहीत, त्यालाच त्याची मर्यादा सगळ्यात आधी कळली. कॅमेरा जवळ जातो, आणि पडदा जवळून बघायचा नसतो.

पडद्याने नाटकाची रचनाही ठरवली

जुन्या संगीत नाटकांत एवढे प्रवेश कसे, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. आता महाल, लगेच रस्ता, लगेच उपवन. हे शक्य होतं ते गुंडाळीच्या पडद्यामुळे. खालच्या काठाला गोल दांडा, दोरी ओढली की पडदा त्यावर गुंडाळत वर जातो. पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोर दोन-तीन पात्रांचा प्रवेश रंगवायचा, आणि तेवढ्या वेळात मागे दरबार मांडून घ्यायचा. रस्ता वर गेला की दरबार तयार. कंपनी गावोगाव फिरायची तेव्हा हेच पडदे वळकटी करून गाडीत पडायचे.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा बॉक्स सेटमधलं, घरातल्या खोलीत घडणारं नाटक रुजू लागलं. खोली एकच, म्हणून प्रवेशही कमी. आपली बहुतेक व्यावसायिक नाटकं आजही त्याच खोलीत आहेत.

“पण रंगवलेलं खोटं दिसतं”

हा आक्षेप जुना आहे आणि बिनबुडाचा नाही. स्वित्झर्लंडच्या अडॉल्फ आपिया यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो नेमका मांडला: नट त्रिमितीचा आहे, त्याच्यावर खरा उजेड पडतो, मागच्या कापडावर मात्र सावल्या रंगवलेल्या आहेत आणि दिवा हलला तरी त्या हलत नाहीत. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. त्यांच्यामुळे जगभर रंगमंचावर पायऱ्या, चौथरे आणि प्रकाश यांना मान मिळाला.

वास्तववादी नाटकाला हा आक्षेप पूर्ण लागू पडतो. पण संगीत नाटकातला नायक ऐन युद्धाच्या तोंडावर दहा मिनिटं यमन गातो. तिथे भिंत खरी असण्याची अपेक्षाच नसते. गाणाऱ्या पात्राच्या मागे रंगवलेलं उपवन जितकं शोभतं तितकं प्लायवूडचं झाड शोभत नाही. बालनाट्य, लोकनाट्य, पौराणिक नाटक यांचंही तसंच.

“मग फ्लेक्स छापू, नाहीतर स्क्रीन लावू”

फ्लेक्स प्लास्टिकचा असतो. दिवा पडला की चकाकतो आणि प्रेक्षकाला चित्राऐवजी उजेडाचा डाग दिसतो. त्यावर छापलेला फोटो बारीक तपशिलाने भरलेला असतो, म्हणजे वर सांगितलेला गढूळपणा आलाच. कापडावर छपाई केली तर चकाकी जाते, तरी फोटोतला उजेड एका बाजूने आणि रंगमंचावरचा दुसऱ्या बाजूने हे राहतंच. शाळेच्या गॅदरिंगला हे चालतं. नाटकाला चालवू नये.

एलईडी स्क्रीनचं वेगळं. तिचे फायदे खरे आहेत: क्षणात दृश्य बदलतं, वाद्यवृंदाच्या किंवा नृत्याच्या कार्यक्रमात ती शोभते. पण स्क्रीन स्वतः उजेड फेकते. प्रेक्षकाचा डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि पुढच्या नटाचा चेहरा त्याला अंधारलेला वाटतो. चेहरा उजळायला पुढचे दिवे वाढवले की ते स्क्रीनवर पडून तिचा काळा रंग राखाडी होतो. पडदा असं भांडत नाही. जेवढा उजेड त्याला द्याल तेवढाच तो परत देतो, त्यामुळे नट आणि दृश्य एकाच उजेडात राहतात.

“कापड पेटतं, त्याचं काय?”

कोल्हापूरकराने हे विचारलंच पाहिजे. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दिव्याच्या ठिणगीने रंगमंचावरचं कापड पेटलं, आग अडवणारा सुरक्षा पडदा अर्ध्यावर अडकला आणि ६०० हून अधिक माणसं गेली. जगभरातले नाट्यगृहांचे अग्निनियम त्यानंतर कडक झाले.

कापडावर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं किंवा अमोनियम फॉस्फेटचं द्रावण देता येतं. कापड त्याने अमर होत नाही, पण ज्वाळा धरत नाही, काळवंडून विझतं. हे क्षार पाण्याने निघून जातात, म्हणून पडदा भिजला किंवा धुतला की पुन्हा द्रावण द्यावं लागतं, आणि कापडाच्या कोपऱ्याची पट्टी कापून, बाहेर नेऊन, पेटवून बघावी लागते. प्लास्टिकच्या फ्लेक्सपेक्षा नीट प्रक्रिया केलेला मांजरपाट मला जास्त भरवशाचा वाटतो. जुन्या, कधीच प्रक्रिया न झालेल्या कापडांचे ढीग रंगमंचामागे साठवणं मात्र बंदच व्हायला हवं.

रंगमंचाला काय लागतं

पडदा न गुंडाळता सरळ वर उचलून नाहीसा करायचा तर रंगमंचावर उंच मोकळी जागा लागते. प्रेक्षकांना दिसणाऱ्या चौकटीच्या उंचीच्या निदान अडीचपट, असा ढोबळ नियम आहे. चौकट अठरा फूट असेल तर पंचेचाळीस फूट. एवढी उंची नसेल तर जुनी गुंडाळीची पद्धत आहेच, त्यासाठी वर पक्क्या कप्प्या आणि भार पेलणाऱ्या तुळया हव्यात. मागच्या भिंतीपासून पडदा चार-पाच फूट पुढे टांगता आला तर जाळीच्या पडद्यामागे दिवे बसतात.

आणि रंगवायला जागा. तीस फूट लांब, सपाट, कोरडी, पावसाळ्यात ओल न धरणारी, आणि वर चढून बघता येईल असा एक कट्टा. शहरात कला महाविद्यालयं आहेत, बोर्ड आणि भिंती रंगवणारे हात आहेत, गणपतीत देखावे उभे करणारी मंडळं आहेत. फ्लेक्स आल्यापासून ज्या बोर्ड पेंटरांचं काम गेलं, त्यांना मोठ्या आकारावर हात चालवणं नव्याने शिकवावं लागत नाही. त्यांना उजेडाचं आणि अंतराचं गणित सांगितलं, वर्षातून एखाद्या संगीत नाटकाचे पडदे करायला दिले, आणि मुलांना त्यांच्या हाताखाली ठेवलं, तर दोन-तीन हंगामांत गावाकडे स्वतःचा पडद्यांचा संच तयार होईल.